माजी मालगुजारी तलावांवर संशोधन : इंटरनेटवरची माहिती कुठे शोधावी आणि कशी पारखावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोंदिया जिल्ह्यातील एका खेड्यात राहून, तालुक्याच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एक अभ्यासक माजी मालगुजारी तलावांवर, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या (गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या) ताब्यात असलेल्या आणि पुढे सरकारकडे आलेल्या तलावांवर, पीएच.डी. करीत आहेत. नागपूरच्या ग्रंथालयात महिन्यातून एखादी फेरी होते, बाकी सगळी भिस्त मोबाईलवर. मार्गदर्शक एकीकडे म्हणतात, ‘नेटवरचे काही चालणार नाही’, आणि दुसरीकडे प्रत्येक प्रकरणावर ‘संदर्भ वाढवा’ असा शेरा मारतात. तेव्हा विश्वास ठेवण्याजोग्या संकेतस्थळांची यादी मिळावी, अशी त्यांची विनंती आहे.

मी पूर्व विदर्भातील एका ग्रामीण महाविद्यालयात बावीस वर्षे ग्रंथपाल म्हणून काम करीत आहे आणि अशी यादी मी पूर्वी विद्यार्थ्यांना देत असे. आता देत नाही. यादी हाती आली की विद्यार्थी तिच्यातील संकेतस्थळांवर डोळे मिटून विश्वास ठेवतो आणि यादीबाहेरचे चांगले कागदही टाकून देतो, हे वारंवार पाहिल्यामुळे ती सवय मी सोडली. तुम्हालाही यादीऐवजी पारखण्याची रीत सांगतो; संकेतस्थळांची नावे ओघात येतीलच.

सातबाऱ्याचे उदाहरण घ्या. महाभूलेखवर कोणाचाही सातबारा फुकट पाहता येतो, परंतु तो विनास्वाक्षरीचा उतारा केवळ माहितीसाठी असतो. पीककर्जाला तो चालत नाही. पंधरा रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा काढला की तोच मजकूर पुरावा म्हणून उभा राहतो. संकेतस्थळ शासनाचे, मजकूर तोच, फरक एवढाच की दुसऱ्या उताऱ्याची जबाबदारी कोणीतरी घेतलेली आहे. आता त्याच स्वाक्षरीच्या उताऱ्यातील पिकांचा रकाना पाहा. त्यात धान लिहिलेले असते आणि शेत पडीत असते, हे आपल्या भागात कोणाला नवीन नाही. शिवाय २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाईलवरून नोंद करतो, त्याआधी ती तलाठी करीत असत. म्हणजे एकाच रकान्यातील जुनी आणि नवी नोंद दोन वेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या रीतींनी केलेली आहे. एकाच कागदावर मालकीची नोंद भक्कम आणि पिकाची नोंद कच्ची असू शकते. त्यामुळे ‘हे संकेतस्थळ विश्वसनीय आहे का?’ हा प्रश्न मुळात फार उपयोगाचा नाही. ‘ही विशिष्ट गोष्ट प्रथम कोणी पाहिली किंवा मोजली, केव्हा, आणि कशासाठी?’ हा प्रश्न प्रत्येक विधानाला वेगळा विचारावा लागतो.

तुमच्या विषयातील पहिलाच आकडा घेऊन हे करून पाहू. तालुक्यात माजी मालगुजारी तलाव किती? इंटरनेटवर शोधले तर तीन ठिकाणी तीन संख्या मिळतील आणि कोणती खरी, या विचाराने रात्र जाईल. बहुतेक वेळा तिन्ही आपापल्या जागी बरोबर असतात, कारण मोजणाऱ्यांनी वेगवेगळ्या गोष्टी मोजलेल्या असतात. १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे असतात, त्याहून मोठे राज्य शासनाच्या यंत्रणेकडे. एका कार्यालयाची यादी दुसऱ्याच्या यादीत मिळवल्याशिवाय जिल्ह्याची संख्या होत नाही. केंद्रीय जलशक्ती मंत्रालयाने २०२३ मध्ये जलसाठ्यांची पहिली गणना प्रसिद्ध केली. तिचे संदर्भवर्ष २०१७-१८ आहे आणि देशभरात २४,२४,५४० जलसाठे नोंदवले आहेत. मात्र त्या गणनेत तलावांबरोबर पाझर तलाव आणि बंधारेही जलसाठे म्हणून धरलेले आहेत, आणि ‘मालगुजारी’ हा इतिहास तिच्या वर्गवारीचा आधारच नाही. तेव्हा तिच्यातील गोंदियाची संख्या उचलून ‘जिल्ह्यातील मालगुजारी तलाव’ म्हणून लिहिणे चूक ठरते. राहिल्या बोड्या, म्हणजे शेताला पाणी देणारी लहान तळी. गावातला माणूस तलाव आणि बोडी यांत स्वच्छ फरक करतो. कार्यालयीन याद्यांत तो कधी असतो, कधी नसतो. बोडी मोजली की नाही, एवढ्या एका प्रश्नाने संख्या कितीतरी पटींनी बदलते. म्हणून कोणतीही संख्या उतरवून घेण्याआधी त्या अहवालातील व्याख्येचे पान उघडा. ते बहुधा सुरुवातीच्या रोमन आकड्यांच्या पानांत किंवा शेवटच्या परिशिष्टात असते आणि ते कोणी वाचत नाही.

दुसरा खड्डा जिल्ह्याच्या सीमेचा आहे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्यामुळे १९९१ च्या जनगणनेतील भंडारा आणि २००१ च्या जनगणनेतील भंडारा ही एकच जागा नव्हे. या दोन आकड्यांची वजाबाकी करून ‘दहा वर्षांत तलावाखालचे सिंचन निम्म्यावर आले’ असा निष्कर्ष काढलेला एक प्रबंध माझ्या हातातून गेला आहे. चंद्रपूरबाबत तेच घडते, कारण गडचिरोली १९८२ मध्ये वेगळा झाला. यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. जनगणनेच्या संकेतस्थळावर जिल्हा जनगणना पुस्तिका मिळते. तिच्या गावनिहाय भागात प्रत्येक गावाचा संकेतांक, जमिनीचा वापर आणि कालवे, विहिरी, तलाव अशा साधनांनुसार सिंचित क्षेत्र दिलेले असते. जिल्ह्याची बेरीज विसरून आपल्या तालुक्याची गावे एकेक करून घ्या, म्हणजे सीमा बदलली तरी तुलना ढळत नाही. फक्त रिठी गावांकडे लक्ष ठेवा. वस्ती नसली तरी त्यांची जमीन असते, कधीकधी तलावही असतो, आणि घाईत ती ओळ सुटते.

आता एका वाक्याची कथा सांगतो, कारण रीत त्यातून जास्त स्पष्ट होईल. आमच्या एका विद्यार्थिनीने लिहिले होते की नवेगाव बांध हा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला, आणि खाली पाच संकेतस्थळांचे संदर्भ दिले होते. पाच संदर्भ म्हणजे विधान पक्के, असे तिला वाटत होते. मी ते वाक्य जसेच्या तसे अवतरणचिन्हांत घालून शोधले, तेव्हा पर्यटनाच्या, हॉटेलांच्या, स्पर्धा परीक्षेच्या नोट्सच्या मिळून अकरा पानांवर ते मिळाले. शब्द तेच, स्वल्पविरामही त्याच जागी. हे अकरा साक्षीदार नव्हेत. एका साक्षीदाराच्या अकरा झेरॉक्स आहेत. तिला सांगितले की आता या अकरांतील सर्वांत जुने पान शोध आणि त्याने हे कुठून घेतले ते पाहा. जुन्या पानांसाठी इंटरनेट अर्काइव्हचे वेबॅक मशीन वापरता येते. एखादे संकेतस्थळ पाच किंवा पंधरा वर्षांपूर्वी कसे दिसत होते, हे त्यात पाहायला मिळते. विधान खोटे आहे, असे माझे म्हणणे नव्हते. पण ते लोकपरंपरेतून आले की सनदेतून, की गॅझेटियर (जिल्ह्याची सर्व माहिती देणारा सरकारी ग्रंथ) लिहिणाऱ्याने गावच्या पाटलाकडून ऐकले, यावर प्रबंधातले क्रियापद ठरते. ‘बांधला’ लिहायचे की ‘बांधल्याचे परंपरेने सांगितले जाते’ लिहायचे, एवढाच प्रश्न असतो, आणि संशोधनात तो एवढासा नसतो.

या शोधात तिला जुने मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे वाङ्मय पाहावे लागले, ते तुम्हालाही लागेल. भंडारा जिल्ह्याचे रसेल यांनी संपादित केलेले गॅझेटियर १९०८ चे आहे. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये निघाला आणि त्यात कोहळी समाजावर स्वतंत्र टिपण आहे. तलाव बांधण्यातले त्यांचे कसब आणि उसाची शेती त्यात वर्णिलेली आहे. हे ग्रंथ इंटरनेट अर्काइव्हवर पूर्ण वाचता येतात; पुण्याच्या गोखले संस्थेच्या ग्रंथालयाने आपल्या संग्रहातील जुने अहवाल आणि गॅझेटियरे स्कॅन करून खुली केली आहेत, तिथेही शोधावे. मात्र हे लेखन महसूल गोळा करणाऱ्या सरकारच्या अधिकाऱ्यांचे आहे. तलाव किती, कुठे, त्याखाली किती एकर धान भिजते, हे त्यांनी नीट पाहिले, कारण त्यावर सारा ठरत होता. कोणती जात स्वभावाने कशी, हेही त्यांनी त्याच ठाम सुरात लिहिले आहे, आणि त्या सुरावर जाऊ नये. एकाच पानावरची दोन वाक्ये मी वेगवेगळ्या तराजूत तोलतो ती या कारणाने.

शोधताना जुनी लेखनपद्धत माहीत नसेल तर हे कागद सापडतच नाहीत. इंग्रजीत ‘मालगुजारी’ हा शब्द जुन्या कागदांत ‘झेड’ने आणि नव्यांत बहुधा ‘जे’ने लिहिलेला आढळतो; दोन्ही घालून पाहा. चंद्रपूर हे ‘चांदा’ या नावाखाली, अमरावती ‘अमरावटी’सारख्या ‘टी-आय’ने संपणाऱ्या स्पेलिंगखाली आणि यवतमाळ ‘येवटमल’ वाचावे अशा स्पेलिंगखाली सापडते. मराठीत ‘मालगुझारी’ आणि ‘कोहली’ हे पर्यायही घाला.

मराठी कागदांची आणखी एक अडचण आहे, जी बाहेरच्यांना सांगून पटत नाही. ‘बंधाऱ्याचे’ हा शब्द घ्या. त्यातील अर्धा र संगणकावर दोन प्रकारे टाइप होतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ती वेगळी अक्षरे असतात. पीडीएफमध्ये तुम्ही एका प्रकारे टाइप करून शोधले आणि कागद दुसऱ्या प्रकारे टाइप झालेला असला तर उत्तर ‘शून्य’ येते. ‘शेतकऱ्यांना’, ‘वऱ्हाड’, ‘दुसऱ्या’ या सर्वांचे तेच. म्हणून अशा शब्दाचा निर्विवाद भाग, जसे नुसते ‘बंधा’, टाकून शोधावे. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या जुन्या फॉन्टांतले शासकीय कागद तर याहून वाईट. पडद्यावर स्वच्छ मराठी दिसते, पण ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवली की निरर्थक इंग्रजी अक्षरांचा भुसा पडतो. असे कागद आणि साधे स्कॅन शोधयंत्राला बहुधा नीट वाचता येत नाहीत. त्यामुळे ‘इंटरनेटवर या विषयावर मराठीत काहीच नाही’ असे लिहिण्यापूर्वी त्या विभागाच्या संकेतस्थळावर जाऊन अहवालांची यादी डोळ्यांनी चाळावी लागते.

शोधयंत्राच्या युक्त्या दोनच सांगतो. ‘साईट’ हा इंग्रजी शब्द, त्याला लागून दोन टिंबे आणि त्याला लागून ‘जीओव्ही डॉट इन’ असे लिहून पुढे आपला शब्द दिला, तर केवळ शासकीय संकेतस्थळांतले निकाल येतात. त्याच जागी ‘एसी डॉट इन’ लिहिले तर शिक्षणसंस्थांचे येतात. तसेच ‘फाईलटाईप’, दोन टिंबे आणि ‘पीडीएफ’ लिहिले की बातम्या आणि जाहिराती गळून अहवाल वर येतात. एवढ्याने माझा निम्मा वेळ वाचतो. ‘ओआरजी’ने संपणारा पत्ता मात्र कोणालाही पैसे भरून घेता येतो, त्या तीन अक्षरांना काही वजन नाही.

शासन निर्णयांबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण तुमचे निम्मे प्रकरण त्यांवर उभे राहील. तलावांतील गाळ, दुरुस्ती, मासेमारीची ठेकेदारी, यांबाबतचे ‘जीआर’ गावोगावच्या व्हॉट्सअॅप गटांत फिरत असतात. दोन वर्षांपूर्वी असाच एक कागद एका सरपंचांनी मला दाखवला. वर राजमुद्रा, खाली कक्ष अधिकाऱ्याचे नाव, सगळे ठाकठीक. मी फक्त शेवटचा परिच्छेद वाचला. महाराष्ट्र शासनाच्या अलीकडच्या खऱ्या शासन निर्णयाच्या शेवटी, हा निर्णय संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक अमुक आहे, आणि हा आदेश डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित करून काढण्यात येत आहे, अशा आशयाचे वाक्य असते. त्या लांब संकेतांकाचे पहिले आठ आकडे वर्ष, महिना आणि दिवस दाखवतात. सरपंचांच्या कागदावरील संकेतांक त्याच कागदाच्या तारखेच्या दीड वर्ष आधीचा निघाला. कोणीतरी जुन्या निर्णयाचे अंग घेऊन त्यावर नवे डोके बसवले होते. संकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकल्यावर मूळ निर्णय निघाला, आणि तो तलावांचा नव्हताच.

खरा शासन निर्णय हाती आला तरी दोन गोष्टी राहतात. एक म्हणजे तो पुढे अधिक्रमित झाला का (नव्या निर्णयाने त्याची जागा घेतली का), त्यावर शुद्धिपत्रक निघाले का, हे त्याच विभागाच्या नंतरच्या निर्णयांत पाहणे. दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. बहुतेक निर्णयांच्या माथ्यावर ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ असे लिहून आधीच्या निर्णयांची आणि पत्रांची क्रमवार यादी दिलेली असते. ती यादी म्हणजे मागे जाण्याची तयार पाऊलवाट आहे. ती धरून एकेक पायरी उतरत गेलात की पुष्कळदा कायद्यापाशी पोहोचता. तुमच्या विषयात तो मध्य प्रदेशाचा मालकी हक्क नष्ट करणारा १९५० चा कायदा. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता, म्हणून महाराष्ट्राच्या कायद्यांत शोधणाऱ्याला तो सापडत नाही. तलाव मालगुजारांकडून सरकारकडे आले ते १९५१ मध्ये या कायद्यामुळे, आणि ‘माजी’ हा शब्द तिथूनच चिकटला. पाणी घेण्याच्या गावकऱ्यांच्या वहिवाटी समजण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील निस्तारपत्रक (गावाच्या सामाईक जमिनीच्या वापराची नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज (पाणी, वाट, मासेमारी अशा वहिवाटींची नोंद) यांवरील तरतुदी वाचा. प्रत्यक्ष वाजिब-उल-अर्ज मात्र इंटरनेटवर शोधत बसू नका. तो अभिलेख कक्षात कापडात बांधलेला असतो.

शासकीय आकडा म्हणजे अंतिम सत्य, असेही मानू नये. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत दशकभरात सिंचनाचे प्रमाण केवळ ०.१ टक्क्याने वाढल्याचे दिसले आणि मोठा गदारोळ झाला. पुढे नोव्हेंबर २०१२ मध्ये निघालेल्या सिंचनावरील श्वेतपत्रिकेने बरीच अधिक वाढ दाखवली. दोन्ही कागद एकाच शासनाचे. एकीकडचा आकडा पिकाखालील क्षेत्राशी सिंचित क्षेत्राचे प्रमाण सांगत होता, तर दुसरीकडे जलसंपदा विभागाचे स्वतःचे हिशेब होते. तुमच्या तलावांच्या यादीतही ‘सिंचनक्षमता’ आणि ‘प्रत्यक्ष सिंचन’ असे दोन रकाने असतील. पहिला तलाव बांधताना किंवा दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात ठरतो, दुसरा त्या वर्षीचा असतो. अर्धा गाळाने भरलेला तलावही पहिल्या रकान्यात जवानच राहतो. कोणत्या रकान्यातून आकडा घेतला, हे प्रत्येक तक्त्याखाली लिहा.

शैक्षणिक लेखनाकडे येतो. शोधगंगेवर भारतीय विद्यापीठांचे प्रबंध पूर्ण मिळतात. त्यांचा दर्जा सारखा नाही, म्हणून मी ते प्रमाण म्हणून कमी आणि वाटाड्या म्हणून जास्त वापरतो. शेवटची संदर्भसूची आधी उघडायची आणि तिच्यातील अहवाल स्वतः मिळवायचे. शोधनिबंधांसाठी गूगल स्कॉलर पुरेसे आहे. त्यात एखाद्या निबंधाखाली ‘हा कोणी उद्धृत केला’ याची जोडणी असते. ती दाबली की नंतरच्या लोकांनी त्या निबंधाला दुजोरा दिला की खोडून काढला, ते कळते. पैसे मागणाऱ्या नियतकालिकांपुढे थांबू नका. केंद्र सरकारची ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजना २०२५ पासून सुरू झाली असून तिच्यात सुमारे तेरा हजार नियतकालिके शासकीय उच्च शिक्षणसंस्थांना खुली झाली आहेत. अनुदानित महाविद्यालयांसाठी एन-लिस्ट ही ई-नियतकालिके आणि ई-पुस्तकांची योजना आहे. आपले महाविद्यालय कशात बसते, ते आपल्या ग्रंथपालांना विचारा. खेड्यातल्या कितीतरी महाविद्यालयांत ही सदस्यता चालू असते आणि पासवर्ड कपाटात असतो, हे मी माझ्याच व्यवसायाबद्दल खंत म्हणून लिहितो. ‘तीन दिवसांत छापून देऊ, एवढे शुल्क भरा’ असे ईमेल पाठवणाऱ्या नियतकालिकांबद्दल वेगळे सांगायला नको. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची आपली ‘केअर’ यादी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे पारखण्याचे काम आता अधिकच आपल्यावर आले आहे. विकिपीडिया आणि मराठी विश्वकोश विषयाची तोंडओळख करून घेण्यासाठी खुशाल वाचा.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संवादयंत्रांबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण वापरत असालच. गेल्या वर्षी एका संशोधकाने मला तलाव-व्यवस्थापनावरील बारा संदर्भ आणून दिले आणि ते मिळवून द्या म्हणाले. लेखकांची नावे ओळखीची वाटत होती, नियतकालिके खरी होती, खंड आणि पृष्ठक्रमही होते. बारापैकी पाच निबंध जगात कुठेच नव्हते. मी त्या नियतकालिकाचा तो अंक उघडून दाखवला. सांगितलेल्या पृष्ठांवर भलत्याच विषयाचा लेख होता. यंत्र संदर्भासारखा दिसणारा मजकूर रचते, आणि तो इतका बेमालूम असतो की न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांनी असेच नसलेले निवाडे न्यायालयात सादर केले आणि ५,००० डॉलर दंड भरला. मी स्वतः या यंत्रांना शोधशब्द विचारतो. जुन्या इंग्रजी अहवालांत ‘बोडी’ला काय म्हटले असेल, असे विचारले की चार पर्याय मिळतात आणि चारही तपासता येतात. संदर्भ कधीच विचारत नाही. शोधयंत्राच्या निकालांवर हल्ली जो तयार सारांश येतो, तोही याच जातकुळीचा आहे. त्याखालच्या दुव्यावर जाऊन मूळ पान वाचावे.

तलावांच्या बाबतीत एक साधन असे आहे की ज्यात कोणाचे सांगणे मध्ये येत नाही. युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राने १९८४ पासूनच्या लँडसॅट उपग्रहचित्रांवरून जगभरच्या पृष्ठजलाचे नकाशे तयार केले आहेत आणि ते खुले आहेत. एखाद्या ठिकाणी कोणत्या काळात पाणी होते, ते त्यात दिसते. इस्रोचे ‘भुवन’ हे उपग्रहनकाशांचे संकेतस्थळही पाहावे. पण इथेही मोजणाऱ्याची नजर समजून घ्या. लँडसॅटचा एक ठिपका ३० मीटर लांब आणि तेवढाच रुंद असतो. एकरभराची बोडी त्यात चार-साडेचार ठिपक्यांची होते आणि काठाचे ठिपके वगळले तर उरतच नाही. शिवाय तलाव बेशरमाच्या झुडपांनी किंवा कमळाने झाकलेला असला तर वरून तो हिरवी जमीन दिसतो. अशा एका तलावाला नकाशाने कोरडा ठरवले होते आणि मी त्याच्या पाळीवर उभा होतो. पाणी पायापासून हातभर खाली होते.

कागद मिळाला की तो जपून ठेवण्याची शिस्त लावा. आपल्याकडे वीज आणि नेटवर्क दोन्ही आपल्या मर्जीने येतात, त्यामुळे ‘नंतर वाचू’ म्हणून नुसता दुवा ठेवणे धोक्याचे आहे; महाविद्यालयाच्या वायफायवर फाईल उतरवून घ्या आणि घरी वाचा. फाईलला संस्थेचे नाव, वर्ष आणि विषय असे नाव द्या, नाहीतर मोबाईलमध्ये ‘डॉक्युमेंट’ नावाच्या चाळीस फाईली साचतात. शासकीय संकेतस्थळांची रचना बदलली की जुने दुवे मरतात. महत्त्वाचे पान वेबॅक मशीनमध्ये स्वतः जतन करता येते, त्याला मिनिटभर लागते. प्रत्येक नोंदीजवळ पाहिल्याची तारीख आणि पृष्ठक्रमांक लिहा. आणि जे पाहिले त्याचाच संदर्भ द्या. १९०८ चे गॅझेटियर तुम्ही उघडले नसेल, एखाद्या प्रबंधात त्यातला उतारा वाचला असेल, तर ‘अमुक प्रबंधात उद्धृत’ असे स्पष्ट लिहा. तोंडी परीक्षेला मागच्या पिढीतले परीक्षक नेमके तिथेच बोट ठेवतात, आणि ते योग्यच आहे.

मार्गदर्शकांचा आक्षेप यातून बराचसा सुटेल असे मला वाटते. त्यांना ‘नेटवरून घेतले’ असे सांगू नका. १९०८ चे गॅझेटियर, अमुक पृष्ठ, असे सांगा. तो ग्रंथ तुम्ही नागपूरच्या कपाटातून घेतला की पडद्यावर पाहिला, याने त्याच्या शब्दांत फरक पडत नाही.

इंटरनेटवर जे नाही त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. लघु पाटबंधारे विभागाकडे तलावांची नोंदवही मागताना ‘सर्व माहिती द्यावी’ असे मोघम लिहू नका. वर्ष, रकाने आणि तालुका सांगा. अर्जात तलावाचे नाव, गाव, गट क्रमांक आणि जनगणना पुस्तिकेतील गावाचा संकेतांक अशा चारही गोष्टी द्या, कारण एकाच नावाची दोन गावे आपल्या भागात हमखास असतात आणि दोन्हींत तलाव असतो.